साहेबांना गंगेत सोडू नका

गांगुर्डे काका कुठल्याही फाटकातून बाहेर पडताना दोन्ही हात वर करायचे. फाटकावर कोणी असो किंवा नसो. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे नोटा छापतात. त्यामुळे सुटी झाली की प्रत्येकाची अंगझडती होते, डबा उघडून दाखवावा लागतो, आणि मगच माणूस घरी जातो. काका रिटायर झाले, झडती थांबली, पण हात काही थांबले नाहीत.

एकदा ते काकूंबरोबर मॉलमध्ये गेले होते. तिथे आत जाताना तपासतात, बाहेर येताना कोणी विचारत नाही. काका बाहेर येताना दारात थांबले, पिशवी उघडली आणि हात वर करून उभे राहिले.

"काका, चला ना पुढे," गार्ड म्हणाला.

"बघून घ्या."

"काय बघू?"

"काहीही बघा. नंतर बोलायचं नाही."

मागून येणाऱ्या लोकांना वाटलं, आता बाहेर पडतानाही तपासणी सुरू झाली. एक बाई पर्स उघडून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे रांग लागली. शेवटी गार्डने बिचाऱ्याने सगळ्यांना तपासलं. हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या हसत नव्हत्या.

आम्ही त्यांच्या समोरच्या घरात भाड्याने राहायला आलो, तेव्हा काका पहिल्यांदा चहाला आले होते. निघताना त्यांनी दारात आईसमोर आपली कापडी पिशवी उघडली आणि म्हणाले, "बघून घ्या, वहिनी." आईला ते फार लागलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "मी काय त्यांच्यावर चमचा चोरल्याचा आळ घेतला का?"

माझे वडील अंबडला एका कंपनीत आहेत. ते म्हणाले, "अगं, सवय आहे ती. आमच्याकडे पण गेटवर बघतात."

"मग तुम्ही नाही करत असं कुठे?"

"आमच्याकडे नेण्यासारखं आहे काय? लोखंडाचा भुगा."

काकांबद्दल लिहायचं तर त्यांचे नियम आधी सांगायला हवेत. स्कूटरचं पेट्रोल संपलं तर ते हेल्मेट घालून स्कूटर ढकलत आणायचे. मी एकदा विचारलं, ढकलताना कशाला? ते म्हणाले, "गाडी रस्त्यावर आहे का? आहे. मग?" पायी चालतानाही ते लाल सिग्नलला थांबायचे. पेन्शनीसाठी दरवर्षी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो, त्याची बाकीच्या म्हाताऱ्यांना कटकट वाटते. काकांना तो दिवस सणासारखा वाटायचा. इस्त्रीचा शर्ट घालून ते जायचे. त्यांचं म्हणणं होतं, की निदान वर्षातून एकदा तरी सरकार आपल्याकडे नीट बघतं.

अशा माणसाच्या हॉलमध्ये एक बेकायदेशीर मासा होता. आता तो बेकायदेशीर होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण काकांच्या दृष्टीने होता, आणि पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

मासा घरात आला तो ब्लडप्रेशरसाठी. डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं, शांत बसून काहीतरी बघत जा. त्यांचा मुलगा प्रशांतदादा पुण्याला नोकरीला आहे. त्याने येताना एक काचेची टाकी आणली, त्यात गोल्डफिश, आणि दुकानदाराने शोभेला म्हणून दिलेला एक बारीक, तपकिरी, पेन्सिलीसारखा मासा. दुकानदार त्याला मगरमासा म्हणाला होता आणि स्वभावाने गरीब आहे असंही म्हणाला होता.

थोड्या दिवसांनी गोल्डफिश कमी व्हायला लागले. काकांना मांजराचा संशय आला. त्यांनी खिडक्या बंद केल्या, मांजरावर पाळत ठेवली. मग काकूंना विचारलं, टाकी धुताना एखादा मोरीत गेला का. काकूंचा आवाज तेव्हा आमच्या घरापर्यंत आला होता. शेवटचा गोल्डफिश काकांच्या डोळ्यांसमोर गेला, तेव्हा उलगडा झाला. काकू पुढे प्रत्येक पाहुण्याला ते सांगायच्या. "रोज एक कमी होतोय आणि एक वाढतोय. जन्म तपासणीत काढला यांनी, पण घरातला चोर नाही सापडला."

त्या माशाचं नाव काकांनी साहेब ठेवलं. त्याचं तोंड लांब आणि चपटं होतं, डोळे कधी मिटायचे नाहीत, आणि तो तासन्‌तास एका जागी न हलता सगळ्यांकडे बघत असायचा. काकांच्या खात्यात असेच एक साहेब होते म्हणे. मग घरात तशीच भाषा सुरू झाली. साहेब जेवले का. साहेब आज नाराज दिसतात. साहेबांच्या टाकीचं पाणी बदला. साहेब वाढत गेले तशी टाकीही मोठी होत गेली. शेवटी सोफा बाहेर गेला आणि साहेब भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाले. पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे. काका रोज देवळाली गावातून लहान जिवंत मासे आणायचे, साहेब दुसरं काही खात नसत.

"आम्हाला सुकट, साहेबांना ताजे मासे," काकू म्हणायच्या. "रविवारी विहारात बसून जीव मारणार नाही म्हणायचं आणि सोमवारी यांचा बाजार करायचा."

"शील आपण घेतलंय. साहेबांनी नाही घेतलं," काका म्हणायचे.

काकूंनी त्या माशाला कधी नावाने हाक मारली नाही. त्या त्याला मेला म्हणायच्या.

मी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. मी प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा त्यात नेमकं काय शिकवतात हे आमच्या घरी कोणालाच सांगता येत नव्हतं, मलाही नाही. काका तेवढे खूश झाले. म्हणाले, "माझ्याकडे एक प्राणी आहे. तो कोण आहे, ते शोधून काढ."

ते मला शोधावं लागलं नाही. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात परदेशी शिकारी माशांबद्दल शिकवलं. हौस म्हणून लोक असे मासे आणतात, मोठे झाले की तळ्यात नाहीतर नदीत सोडून देतात, आणि मग ते तिथले आपले मासे खाऊन संपवतात. सरांनी पडद्यावर चित्र दाखवलं आणि मी वर्गात जवळजवळ उभीच राहिले. ते साहेब होते. खाली नाव होतं ॲलिगेटर गार. हा मासा माणसापेक्षा लांब होऊ शकतो, सर म्हणाले. पुष्कळ वर्षं जगतो. काही राज्यांत हा पाळायलाच बंदी केली आहे, आपल्याकडेही येईल असं दिसतं.

घरी येताना काकांना सांगावं की नाही, हे मला कळत नव्हतं. पण ते फाटकात उभे होते आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "आज काय शिकवलं?" मला खोटं जमलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन साहेबांसमोर बसले.

"म्हणजे आपण बेकायदेशीर आहोत," ते म्हणाले. ते स्वतःला म्हणाले की साहेबांना, ते कळलं नाही.

"काका, आपल्याकडे अजून बंदी नाही बहुतेक."

"अजून नाही, म्हणजे होणार. आलेला कायदा कोणीही पाळतं, पोरी."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मत्स्यखात्याच्या ऑफिसात गेलो. माशाचं इंग्रजी नाव नीट सांगायला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. तिथे एक तरुण अधिकारी होता. काका त्याच्या टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"माझ्या घरी एक घातक मासा आहे. जप्त करा."

"कोणी तक्रार केलीये का?"

"मीच करतोय."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी हळूच माशाचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत होतं. तो म्हणाला, "काका, बंदी दुसऱ्या राज्यांत आहे. आपल्याकडे वरून अजून काही लेखी आलेलं नाही."

"येणार आहे?"

"येऊ शकतं."

"मग मी थांबतो," म्हणून काका बाकावर बसले.

"आज नाही येणार, काका."

"बरं. आलं, तर माशाचं काय करतील?"

अधिकारी जरा अडखळला. "असे मासे बहुतेक नष्ट करतात."

काका बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तर मग तोपर्यंत पाळायची परवानगी द्या."

"अशा परवानगीची तरतूद नाही."

"बंदी पण नाही आणि परवानगी पण नाही?"

"नाही."

"मग मी आहे तरी कुठे?"

चहा घेऊन आलेला शिपाई मध्येच म्हणाला, "कशाला ताप करून घेता, काका? गंगेत सोडून द्या. सगळे तेच करतात."

अधिकारी एकदम ताठ झाला. "अहो, तुम्ही गप्प बसा. काका, बाकी काही करा, तेवढं करू नका. नदीत, तळ्यात, धरणात, कुठेही सोडायचा नाही."

येताना काका खुशीत होते. एवढ्या मोठ्या ऑफिसातून त्यांना एक तरी ठाम नियम मिळाला होता. घरी आल्यावर त्यांनी टाकीवर जाळीचं झाकण बसवलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली काकूंकडे दिली. साहेब आता नजरकैदेत आहेत, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले.

मात्र त्या दिवशी त्यांनी काकूंना सगळं सांगताना तो नष्ट शब्दही सांगितला. काकू मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि काकू काही बोलल्या नाहीत याचा अर्थ आम्ही सगळ्यांनी, त्यांना मेथी निवडायची आहे, असा घेतला.

कॉलनीत मात्र सगळ्यांचं मत शिपायासारखंच होतं. नाशिकमध्ये गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि घरात नको झालेली पण टाकून देता न येणारी प्रत्येक गोष्ट गंगेत सोडायची असते. निर्माल्य, जुने देवाचे फोटो, मग मासा का नाही? शेवटच्या घरातले निकम आप्पा सटाण्याकडचे. त्यांचा भाजीचा टेम्पो आहे, रोज पंचवटीच्या बाजारात जातो. ते काकांना भेटले की सांगायचे, "गंगामा सोडी द्या ना, भाऊ. जीव वाची जाई, तुमनं डोकं बी शांत व्हई."

"सोडायचा नाही असं सांगितलंय."

"कोन बघाले बसेल शे तठे?"

काकांना या वाक्याचा राग यायचा. कोणी बघत नाही म्हणून एखादी गोष्ट करायची, हे त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं.

आणि मग बँकेत दाखला द्यायचा दिवस आला. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ते गेल्यावर थोड्याच वेळात आप्पांचा टेम्पो काकांच्या दारात लागला. मला आधी वाटलं, भाजी उतरवतायत. मग बऱ्याच वेळाने आप्पा आणि त्यांचा जावई एक निळं पिंप बाहेर घेऊन आले. आप्पांचा शर्ट भिजला होता आणि एका गालावर मोठा लाल वळ होता. साहेबांनी शेपटी मारली होती. काकू डोक्यावरून पदर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या, माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही, आणि टेम्पो गेला.

पाठोपाठ काका परत आले ते हातात साहेबांच्या जेवणाची पाण्याने भरलेली पिशवी घेऊन. आत गेले आणि लगेच पिशवीसकट आमच्या दारात आले. मी त्यांना इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब कुठे आहेत?"

मी सांगितलं.

"हेल्मेट घाल," ते म्हणाले.

त्यानंतरचा प्रवास मी विसरूच शकत नाही. टेम्पो पुढे गेलेला, साहेब कुठल्याही क्षणी गंगेत पडणार, आणि काका स्कूटर चाळीसच्या वर न्यायला तयार नाहीत. दत्त मंदिराच्या सिग्नलला आम्ही थांबलो. उपनगर नाक्याला थांबलो. द्वारका चौकात टेम्पो आमच्या समोर दिसला. तेवढ्यात सिग्नल पिवळा झाला. टेम्पो निघून गेला आणि काकांनी ब्रेक दाबला.

"काका, पिवळाच होता. निघालो असतो."

"पिवळा म्हणजे थांबायची तयारी," काका म्हणाले आणि त्यांनी स्कूटर बंदच केली.

किल्ली काढून त्यांनी कुठल्यातरी खिशात टाकली. स्कूटरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे होतं. सिग्नल हिरवा झाला तरी त्यांना किल्ली सापडेना. मागचा रिक्षावाला ओरडला, "काका, हिरवा झाला. का लेखी पाहिजे?"

गंगेवर पोचलो तर तिथे गाडी लावायला मनाईची पाटी. काका पाटीपासून वळले आणि पार्किंग शोधत निघाले. मी उडी मारून पळाले.

घाटावर गर्दी जमली होती. पिंप पायऱ्यांवर ठेवलेलं, झाकण काढलेलं, आणि लोक वाकून वाकून बघत होते. मी पोचले तेव्हा एक आजी हात जोडून म्हणत होत्या, "मगर आहे. गंगामाईचं वाहन आहे ते. घरी आलं स्वतःहून."

तिथून सगळं बिघडलं. गंगेचं वाहन मगर, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांचं तोंड मगरीसारखं, हेही समोर दिसत होतं. कोणीतरी पिंपात झेंडूची फुलं टाकली. पिंपाला कुंकू लागलं. मी म्हणायला लागले, "हा मगर नाही, मासा आहे, हा बाहेरच्या देशातला..." पण माझा आवाज फार लहान आहे. एका आजोबांनी मला बाजूला सरकवून आपल्या नातवाला दर्शनाला पुढे केलं. आप्पांनी पिंपाला हात घातला.

"हात लावू नका."

काका आले होते. पार्किंग लांब मिळालं असावं, कारण त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. ते सरळ येऊन पिंपाला टेकून उभे राहिले.

"याला सोडायचं नाही. तसा नियम आहे."

"काका, देवाच्या कामात कसला नियम?" एक तरुण म्हणाला. "जीव वाचतोय त्याचा. तुम्हाला पुण्य नको असेल तर बाजूला व्हा."

"हे वाहन अमेरिकेचं आहे."

"असू द्या. आलंय ना इथे?"

नियमाने काम होत नाही असं काकांना बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच दिसलं. ते इकडेतिकडे बघायला लागले. घाटावर एक बाई माशांना घालायच्या कणकेच्या गोळ्या विकत बसली होती. लोक त्या घेतात आणि पाण्यात टाकतात, मासे वर येऊन खातात, लहान मुलं टाळ्या वाजवतात. काकांनी तिच्याकडून एक गोळी मागून घेतली आणि सगळ्यांना दाखवून पिंपात टाकली. साहेबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मग काकांनी हातातल्या पिशवीची गाठ सोडली आणि त्यातला एक जिवंत मासा पिंपात सोडला.

पाणी एकदम उसळलं. पुढे उभ्या असलेल्यांचे कपडे भिजले. झेंडूची फुलं बाहेर पडली. मासा दिसेनासा झाला आणि साहेब पुन्हा हलायचे थांबले.

"हे यांचं जेवण," काका म्हणाले. "उद्यापासून तुम्ही गोळ्या टाकाल, तेव्हा खायला वर कोण येणार?"

सगळ्यात आधी त्या गोळ्या विकणाऱ्या बाईला समजलं. ती उठून उभीच राहिली. "उचला ओ ते पिंप. लय झालं दर्शन. माझ्या माशांना हे गिळलं तर मी काय करू? उचला म्हणते ना."

नातवाला दर्शन घडवणाऱ्या आजोबांनी नातवाला मागे ओढलं. हात जोडणाऱ्या आजी म्हणाल्या, गंगामाईचं वाहन असतं तर कणीक खाल्ली असती. मग पिंप उचलायला पाहिजे तेवढे हात पुढे आले.

फक्त काकू पिंप सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली होती.

"घरी नेऊन काय करणार?" त्या काकांना म्हणाल्या. "उद्या कागद आला की तुम्ही स्वतः याला घेऊन त्यांच्या दारात जाल. मारा म्हणाल. मला माहीत नाही का तुम्ही? मारतील ते याला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं मेला म्हणत होत्या, आणि रोज दुपारी काका झोपले की टाकीपाशी खुर्ची घेऊन त्याच बसत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. काकांनाही तेव्हाच कळलं. त्यांनी हेल्मेट काढलं. ते आता नियम सांगतील असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "कागद यायच्या आत आपण काहीतरी करू. कायद्यात बसेल असं."

काकूंना ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी कड सोडली. साहेब टेम्पोतून घरी आले. काका स्कूटरवरून टेम्पोच्या मागे होते, योग्य अंतर ठेवून.

कायद्यात बसेल असं काय, ते शेवटी आमच्या सरांकडून निघालं. मी घाबरत घाबरत त्यांना सगळं सांगितलं, ते खूप हसले आणि मग गंभीर झाले. आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एक सिमेंटची मोठी टाकी पडून होती. प्राचार्यांना विचारून, मत्स्यखात्याला कळवून, अभ्यासासाठी म्हणून मासा तिथे ठेवता येईल, पुढे कायदा आला तर त्याप्रमाणे रीतसर परवानगी मागता येईल, असं सर म्हणाले. तो तरुण अधिकारी स्वतः येऊन टाकी बघून गेला. गांगुर्ड्यांचा प्रश्न मिटतोय, याचाच त्याला जास्त आनंद झालेला दिसला.

मासा देताना काकांनी सरांना अटी घातल्या. झाकणाला कुलूप पाहिजे. टाकीचं पाणी गटारात सोडताना जाळी पाहिजे. कोणी मागितला तरी मासा द्यायचा नाही. आणि बाहेरच्या माणसाला त्या खोलीत पाऊल ठेवू द्यायचं नाही, कारण बाहेरच्या माणसानेच हा मासा एकदा घाटावर नेला, बाहेरचा माणूसच तो नेऊन सोडेल. सरांनी सगळं मान्य केलं. खोलीच्या दारावर तशी पाटीही लावली.

पुढच्या उन्हाळ्यात प्रशांतदादाने दोघांनाही पुण्याला बोलावून घेतलं. काकूंचे गुडघे दुखायचे, तिकडे लिफ्ट होती. आता घरात साहेब नव्हते, त्यामुळे नाही म्हणायला काकांकडे कारण उरलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी दोघं कॉलेजात आले. काकूंच्या हातात डबा होता, आत पाण्यात जिवंत मासे.

सर जिन्यापर्यंत पुढे आले. मागच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं आणि दार उघडून धरलं. "या काका."

काका दाराशी थांबले. त्यांनी पाटी वाचली.

"काका, ती पाटी तुमच्यासाठी नाही," सर म्हणाले.

"मी इथे शिकत नाही, शिकवत नाही. म्हणजे बाहेरचाच."

"पण मासा तुमचा आहे."

"होता."

"मीच म्हणतोय ना या, मग?"

"तुम्ही आज मला सोडाल, उद्या दुसऱ्या कोणाला सोडाल," काका म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत. उलट सरांना ते अगदी मऊ आवाजात समजावत होते, जसं काही आत जायची इच्छा सरांचीच होती.

"बसा तुम्ही पाटी वाचत," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी त्यांच्याबरोबर गेले. साहेब टाकीच्या तळाशी होते. आता ते आणखी लांब झाले होते. सरांनी झाकण उघडल्यावर काकूंनी डबा टाकीत रिकामा केला आणि कठड्याला धरून वाकून बघत राहिल्या. पाण्यात एकदोनदा खळबळ झाली, मग ते शांत झालं. काकू आणखी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पदराने हात पुसून बाहेर आल्या.

काका व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसले होते. त्यांना तिथून खोलीचं दार दिसत होतं, टाकी दिसत नव्हती.

"जेवले?"

"जेवला मेला. सगळे खाल्ले."

"जागा पुरते?"

"आपल्या हॉलपेक्षा मोठी आहे. वळता येतंय त्याला." काकू बाकावर टेकल्या. "माझ्याकडे मान वळवून बघितलं पण नाही."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "साहेब लोक कधी ओळख दाखवतात का?" ते म्हणाले.

दोघं तिथे थोडा वेळ बसले. आतून पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. काका तो ऐकत होते. मग सर आले, त्यांनी काकांसमोर कुलूप लावलं आणि ओढून दाखवलं. काका उठले.

मी वर कठड्याशी उभी राहून त्यांना जिना उतरताना पाहत होते. काकू एका हाताने कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या, काका रिकामा डबा घेऊन एक पायरी पुढे. जिन्याच्या वळणावर काका थांबले आणि त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता परत येतील. पण ते काकूंच्या गुडघ्यासाठी थांबले होते. काकू पोचल्या, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं खाली गेले.